युनिव्हर्सिटीचा डेटा फुटल्यावर मिळणारं फुकट क्रेडिट मॉनिटरिंग: घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका

अमेरिकेत शिकलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना गेल्या काही वर्षांत हे पत्र आलंय. युनिव्हर्सिटीच्या सिस्टिममध्ये कोणीतरी घुसलं, तुमचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (एसएसएन, अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) बाहेर गेला असू शकतो, आम्ही दिलगीर आहोत, आणि अमुक कंपनीचं क्रेडिट मॉनिटरिंग (तुमच्या नावाने कुठे कर्जाची चौकशी झाली की कळवणारी सर्व्हिस) तुम्हाला दोन वर्षं मोफत, हा घ्या कोड. मलाही आलं. युनिव्हर्सिटीचं आणि मॉनिटरिंगवाल्यांचं नाव इथे देत नाही, कारण सगळ्या ऑफर जवळपास एकाच साच्यातल्या असतात आणि मला जे सांगायचंय ते त्या साच्याबद्दल आहे.

आधी पत्राविषयी, कारण निम्मे लोक तिथेच बाद होतात. पाकिटावर युनिव्हर्सिटीचा लोगो नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच राज्यातला पोस्ट बॉक्स, आतला कागद दिसायला अगदी क्रेडिट कार्डाच्या जाहिरातीसारखा. ही पत्रं बाहेरची मेलिंग कंपनी पाठवते म्हणून असं होतं, पण माणूस न उघडता फेकून देतो त्याचं काय. त्यात आपण परत आलेलो असलो तर पत्र जुन्या अपार्टमेंटवर जातं आणि तिथला आत्ताचा भाडेकरू ते कशाला जपून ठेवेल. माझं पत्र एका जुन्या रूममेटने फोटो काढून पाठवलं म्हणून कळलं तरी. तुम्ही कुठल्याही अमेरिकन युनिव्हर्सिटीत नुसता अर्ज जरी केला असेल तरी आपला जुना ईमेल आणि जुना पत्ता दोन्हीकडे चौकशी करा. हो, नुसता अर्ज. मिनेसोटा युनिव्हर्सिटीचं प्रकरण २०२३ मध्ये उघडकीला आलं तेव्हा त्यात १९८९ पासूनच्या लोकांची माहिती होती, विद्यार्थी, कर्मचारी आणि प्रवेशासाठी संपर्क केलेले सुद्धा. कोलंबियाचं २०२५ मध्ये झालं त्यात सुमारे ८ लाख ७० हजार लोक होते आणि त्यातही अर्जदार होते. ज्यांना त्यांनी प्रवेश दिला नाही त्यांची माहिती इतकी वर्षं कशासाठी सांभाळायची हा प्रश्न मला खरंच सतावतो.

आता सर्व्हिस. साइन-अप करताना कोड टाकायचा, मग नाव, जन्मतारीख, एसएसएन (जो आत्ताच फुटलाय तोच), आणि मग ओळख पटवायला प्रश्न येतात, खालीलपैकी कुठल्या पत्त्यावर तुम्ही राहिला होतात, यापैकी कुठल्या बँकेचं ऑटो लोन तुमच्याकडे होतं, वगैरे. हे प्रश्न तुमच्या क्रेडिट फाइलमधून, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि कार्डांच्या नोंदीतून काढलेले असतात. ज्याने अमेरिकेत दोनच वर्षं काढली आणि एकच क्रेडिट कार्ड वापरलं त्याची फाइल इतकी बारीक असते की सिस्टिमला विचारायलाच काही सापडत नाही आणि मग "ओळख पटली नाही" म्हणून बाहेर काढतात. त्याच्यापुढे फोन. ओटीपी फक्त अमेरिकन मोबाइल नंबरवर, इंटरनेटवरचा नंबर चालत नाही, परदेशी तर नाहीच, आणि पत्ताही अमेरिकेतलाच पाहिजे. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी असलेल्या युनिव्हर्सिटीने अशी सर्व्हिस घेतली जी निम्म्या जगातून चालू करता येत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही. शेवटी हेल्पलाइनला इंटरनेट कॉलने गाठलं, तिथली बाई मात्र फार चांगली होती, तिने कागदपत्रं अपलोड करायची वेगळी लिंक दिली आणि काम झालं. म्हणजे रस्ता आहे, पत्रात लिहिलेला नाही एवढंच. तुम्ही अडकलात तर "मॅन्युअल व्हेरिफिकेशन" हेच शब्द वापरून मागा.

आत गेल्यावर काय मिळतं? एक डॅशबोर्ड, वरती मोठ्ठा गोल काटा आणि तुमचा स्कोअर, आणि बाजूला जिथे तिथे अपग्रेड करा अपग्रेड करा. फुकटवाल्यांना एकाच ब्युरोचं (म्हणजे क्रेडिट फाइल ठेवणाऱ्या कंपनीचं) मॉनिटरिंग. हे नीट समजून घ्या कारण पत्रात ते बारीक अक्षरात असतं. अमेरिकेत मोठे ब्युरो तीन, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन, आणि कर्ज देणारा तिन्हीकडे विचारेलच असं नाही, एखादी कार डीलरशिप एकाच ठिकाणी चौकशी करते. ती नेमकी दुसऱ्या ब्युरोकडे झाली तर तुमच्या डॅशबोर्डवर शांतता. माझ्या त्या रूममेटच्या बाबतीत हेच झालं, त्याने जिथे कधी पाऊलही ठेवलं नाही अशा राज्यात त्याच्या नावाने गाडीच्या लोनचा अर्ज पडला आणि त्याला कळलं ते डीलरच्या नकारपत्रामुळे, सर्व्हिसकडून अलर्ट नाहीच. तुमच्या पत्रात "थ्री ब्युरो" असं स्पष्ट लिहिलं असेल तर ती ऑफर बरीच बरी.

डार्क वेबचा (चोरलेली माहिती विकली जाते त्या इंटरनेटच्या लपलेल्या भागाचा) अलर्ट म्हणून जो येतो त्यात मला माझाच जुना ईमेल आणि कुठल्यातरी भलत्या वेबसाइटचा पासवर्ड सापडल्याचं सांगितलं. हे तर हॅव आय बीन पोन्ड या साइटवर ईमेल टाकून कोणालाही पैसे न देता बघता येतं. अलर्टचा ईमेल कसा, तर "तुमच्या फाइलमध्ये बदल झालाय, लॉगिन करा". काय बदल, कोणी केला, आता मी काय करू, काहीच नाही.

दोन गोष्टी मात्र खरंच कामाच्या आहेत. एक म्हणजे रिस्टोरेशन. तुमच्या नावाने फ्रॉड झालाच तर त्यांचा एक माणूस तुमच्याकडून मर्यादित मुखत्यारपत्र घेऊन बँकेशी, ब्युरोशी, कलेक्शनवाल्यांशी स्वतः बोलतो. रूममेटला त्याच्या ऑफरमधून असा माणूस मिळाला आणि त्याने पत्रांचा सगळा पाठपुरावा केला. परदेशात बसलेल्याला याची किंमत जास्त, कारण आपल्याला रात्रभर होल्डवर थांबावं लागतं. दुसरी म्हणजे इन्शुरन्स, १० लाख डॉलरपर्यंत असं लिहिलेलं असतं, आकडा बघून हुरळून जाऊ नका, तो मुख्यतः वकील, कागदपत्रं, बुडालेला पगार अशा खर्चासाठी असतो आणि पावत्या लागतात. तरी आहे तर असू दे.

मुख्य मुद्दा हा की मॉनिटरिंग म्हणजे चोर आत शिरल्यावर फोन करणारा वॉचमन, दाराला कुलूप ते लावत नाही. कुलूप वेगळं आहे, त्याला क्रेडिट फ्रीझ म्हणतात, आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून संघराज्याच्या कायद्याने ते सगळ्यांना फुकट आहे. फ्रीझ असेल तर नवीन कर्ज देणाऱ्याला तुमची फाइलच दिसत नाही, त्यामुळे अर्ज बहुतेक तिथेच पडतो. ऑनलाइन किंवा फोनवर मागितलं तर ब्युरोने एका कामकाजाच्या दिवसात लावायचं आणि तुम्ही काढायला सांगितलं तर एका तासात काढायचं, पोस्टाने पाठवलं तर तीन कामकाजाचे दिवस. तिन्ही ब्युरोंकडे वेगवेगळं लावावं लागतं. परत आलेल्या माणसाला तर अमेरिकेत नवीन कर्ज घ्यायचंच नसतं, मग फ्रीझ कायम ठेवायला काय हरकत आहे. तिघांपैकी एकाची वेबसाइट मला बाहेरच्या देशातून उघडलीच नाही, तिथे सरळ पोस्टाने पासपोर्टची प्रत आणि जुन्या पत्त्याचा पुरावा पाठवला, वेळ लागला पण झालं. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी मॉनिटरिंग चालू करा, मग फ्रीझ लावा, कारण फ्रीझ असलं की ओळख पटवायचे ते प्रश्न काढताना सिस्टिम कधीकधी अडते.

फ्रीझने सगळं थांबत नाही हेही सांगतो. तुमच्या एसएसएनवर कोणी खोटा टॅक्स रिटर्न भरून रिफंड उचलला तर ब्युरोचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यासाठी आयआरएसचा (अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा) आयपी पिन घ्या, सहा आकडी असतो, दरवर्षी बदलतो, आणि एकदा घेतला की तो टाकल्याशिवाय तुमच्या नंबरवर रिटर्न ई-फाइल होत नाही. बँक खातं उघडण्याच्या फ्रॉडसाठी चेक्ससिस्टिम्स नावाची वेगळी संस्था आहे, तिथेही फ्रीझ लागतं. आणि तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट अ‍ॅन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट मिळतात, म्हणजे ते मॉनिटरिंग जे काय सांगतं त्यातलं बरंचसं तुम्ही स्वतः बघू शकता.

आता कायद्याचं. पत्र आल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, ही फुकट सर्व्हिस घेतली तर केस करायचा हक्क जातो का? नुसतं घेतल्याने सहसा जात नाही. पण साइन-अपच्या अटी वाचा, त्यात बऱ्याचदा आर्बिट्रेशनचं कलम असतं, म्हणजे वाद कोर्टात न नेता लवादाकडे न्यायचा. २०१७ मध्ये इक्विफॅक्सचा स्वतःचाच डेटा फुटला, १४ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांचा, आणि त्यांनी दिलेल्या फुकट सर्व्हिसच्या अटींमध्ये हे कलम सापडलं तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की या प्रकरणाला ते लागू नाही असं त्यांना जाहीर करावं लागलं. तुमच्या ऑफरमध्ये ते कलम मॉनिटरिंग कंपनीपुरतं आहे की युनिव्हर्सिटीलाही त्याची ढाल मिळतेय एवढं बघा आणि त्या पानाचा पीडीएफ तारखेसकट ठेवून द्या.

युनिव्हर्सिटीवर केस करायची म्हटलं की सगळे फर्पा फर्पा करतात, विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा कायदा. तर त्या कायद्याखाली विद्यार्थ्याला स्वतः कोर्टात जाता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये गॉन्झागा युनिव्हर्सिटीच्या खटल्यात हे स्पष्ट केलंय. शिक्षण खात्याकडे तक्रार करता येते, कळल्यापासून १८० दिवसांच्या आत, पण त्यातून तुमच्या खिशात काही येत नाही. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक गोपनीयता कायद्यात डेटा फुटला तर ठरावीक रकमेची भरपाई आहे हे खरं, पण तो कायदा नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्यांना लागू, युनिव्हर्सिट्या बहुतेक त्यातून सुटतात. मग वकील जातात ते निष्काळजीपणा आणि न लिहिलेला करार मोडल्याच्या मुद्द्यावर, की तुम्ही माहिती घेतलीत म्हणजे ती सांभाळायची जबाबदारी घेतलीत. आणि तिथे २०२१ चा ट्रान्सयुनियन विरुद्ध रामिरेझ हा निकाल आडवा येतो, त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पुढे कधीतरी नुकसान होईल एवढ्या भीतीवर भरपाई मागता येत नाही, प्रत्यक्ष काहीतरी झालेलं पाहिजे. म्हणून मी कागदांच्या इतका मागे लागतो. पत्र, पाकिटासकट. फ्रीझ लावल्याच्या पावत्या. पोस्टाचा खर्च. कुठल्या तारखेला कोणाशी किती वेळ बोललात त्याची साधी नोंद. सेटलमेंट झाली की क्लेम फॉर्ममध्ये बऱ्याचदा गेलेल्या वेळेचे तासाच्या हिशोबाने पैसे मागता येतात आणि तेव्हा ही नोंदच उपयोगी पडते.

सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर आणखी एक अडचण. राज्य सरकारच्या संस्थेवर बऱ्याच ठिकाणी सरळ दावा टाकता येत नाही, आधी ठरावीक मुदतीत नोटीस द्यावी लागते, कॅलिफोर्नियात अशा बऱ्याच दाव्यांना ती सहा महिन्यांची आहे. तुम्हाला स्वतःला मोठं नुकसान झालं असेल तर सहा महिने विचार करत बसू नका, त्या राज्यातल्या वकिलाला लगेच विचारा, अशा केसेस घेणारे बरेच जण पहिल्या बोलण्याचे पैसे घेत नाहीत आणि फी जिंकल्यावरच, साधारण एक तृतीयांश.

क्लास अ‍ॅक्शनबद्दल, म्हणजे एकसारखं नुकसान झालेल्या सगळ्यांच्या वतीने चालणाऱ्या एकत्र केसबद्दल, आपल्याकडे फार गोंधळ आहे. एखाद्या लॉ फर्मचा "आम्ही तपास करतोय, सामील व्हा" असा ईमेल आला आणि तुम्ही काहीच केलं नाहीत म्हणून तुमचा हक्क गेला असं होत नाही. कोर्टाने क्लास मान्य केला आणि तुम्ही त्याच्या व्याख्येत बसत असाल तर तुम्ही आपोआप आत असता. पैसे मात्र सहसा आपोआप येत नाहीत, क्लेम फॉर्म मुदतीत भरावा लागतो, आणि ज्याचं नुकसान मोठं आहे त्याने मुदतीत बाहेर पडून स्वतःची केस लढायची वाट मोकळी ठेवावी. व्याख्या नीट वाचा, कधीकधी "अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्ती" असं असतं आणि परत आलेले आपण तिथेच गळतो, तसं असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला लिहून विचारा, हरकत नोंदवायचीही मुदत असते. मी भरलेल्या फॉर्ममध्ये व्हिसाबद्दल एक शब्द नव्हता, हे मुद्दाम सांगतोय कारण एफ-१ वरची (विद्यार्थी व्हिसावरची) मुलं घाबरून लांब राहतात. रकमेची फार आशा धरू नका. इक्विफॅक्सच्या वेळी १२५ डॉलर मिळणार म्हणून लोकांनी धडाधड फॉर्म भरले, त्या पर्यायासाठी बाजूला काढलेले होते ३ कोटी १० लाख डॉलर, लोक इतके निघाले की हातात आले त्याच्यापेक्षा कितीतरी कमी.

फ्रॉड खरंच झालाय त्यांच्यासाठी क्लास अ‍ॅक्शनपेक्षा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टमधले (क्रेडिट ब्युरोंवरच्या कायद्यातले) हक्क जास्त कामाचे आहेत असं माझं ठाम मत आहे आणि याबद्दल पत्रात जेमतेम एखादी ओळ असते. आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्ह ही एफटीसीची (ग्राहकांचं संरक्षण बघणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची) साइट आहे, तिथे माहिती भरली की एक अधिकृत रिपोर्ट तयार होतो. तो रिपोर्ट आणि ओळखपत्र ब्युरोला पाठवलं की खोटी नोंद त्यांनी चार कामकाजाच्या दिवसांत तुमच्या फाइलमधून ब्लॉक करायची असते. शिवाय ज्या कंपनीने तुमच्या नावाने कर्ज दिलं तिच्याकडून त्या अर्जाच्या आणि व्यवहाराच्या प्रती लेखी मागता येतात, ३० दिवसांत द्याव्या लागतात, फुकट. रूममेटने हेच केलं. अर्जाची प्रत आली त्यात पत्ता भलता, फोन भलता, पण जन्मतारीख आणि एसएसएन त्याचाच बरोबर, आणि नोकरीच्या ठिकाणी चक्क युनिव्हर्सिटीतल्या त्याच्या जुन्या लॅबचं नाव. ते इतरांना कुठून कळणार? युनिव्हर्सिटीच्या डेटाशी धागा जोडणारा एवढा चांगला कागद दुसरा कुठला मिळेल. त्याने तो वकिलाकडे दिलाय.

किती वर्षं देतात हा मुद्दा राहिला. एसएसएन जन्मभराचा असतो, बदलून मिळणं फार दुर्मिळ, आणि सर्व्हिस एक किंवा दोन वर्षं. मेरीलँड युनिव्हर्सिटीचा डेटा २०१४ मध्ये फुटला, ३,०९,०७९ लोकांचा, आधी त्यांनी एक वर्ष देऊ केलं आणि मग ते पाच वर्षं केलं. म्हणजे वाढवता येतं. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नुसतं चरफडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून प्रायव्हसी ऑफिसला लेखी मागणी करा, आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) तक्रार टाका, त्याला वकील लागत नाही. ब्लॅकबॉड ही कॉलेजांना आणि संस्थांना देणग्यांचं सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी, तिचं २०२० चं प्रकरण अ‍ॅटर्नी जनरलनीच लावून धरलं आणि २०२३ मध्ये ४ कोटी ९५ लाख डॉलर वसूल केले.

माझे गुण सांगायचे तर रिस्टोरेशनला पाचपैकी चार, मॉनिटरिंगला दोन, आणि परदेशातून साइन-अप करायच्या सोयीला शून्य. तरी कोड वाया घालवू नका, पत्रात शेवटची तारीख दिलेली असते आणि ती गेली की कोड चालत नाही. फुकट काळ संपताना कार्ड मागतात, देऊ नका.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त लागली. आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्मसाठी) आपण काय काय दिलं होतं आठवा, वडिलांचं बँक स्टेटमेंट, आईची एफडी, काकांचं अ‍ॅफिडेव्हिट, त्यांचे पासपोर्ट, सह्या. पत्रात "तुमची आर्थिक माहिती" एवढंच लिहिलेलं असतं, पण ती माहिती त्यांची होती, आणि त्यांना पत्र कोणी पाठवलेलं नाही. एसएसएन नसल्यामुळे ही मॉनिटरिंग सर्व्हिस त्यांना मिळूच शकत नाही. मी युनिव्हर्सिटीला लेखी विचारलंय की स्पॉन्सरची कागदपत्रं त्या फाइल्समध्ये होती का आणि असतील तर त्यांना वेगळं कधी कळवणार. उत्तर आलं की "तुमची विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे". तुमच्याकडेही असं पत्र आलं असेल तर हा प्रश्न तुम्हीही विचारा, ईमेलवर, आणि तोवर घरच्यांना त्या जुन्या स्टेटमेंटवरच्या खात्यांचे एसएमएस अलर्ट चालू करून द्या आणि नेट बँकिंगचे पासवर्ड बदलून घ्या.